आधी इम्युलेशन की आधी हक्क? एका जुन्या पिनबॉल टेबलाचं प्रकरण

हे प्रकरण जुनं पिनबॉल यंत्र (धंद्याच्या भाषेत टेबल) फोनवर आणि कन्सोलवर आणणाऱ्या एका छोट्या गेम स्टुडिओचं आहे. स्टुडिओ, टेबल, सिनेमा आणि त्यातला नट यांची नावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. यंत्र १९९०च्या दशकाच्या मध्यातलं, एका गाजलेल्या सिनेमावर बेतलेलं आणि विल्यम्स या अमेरिकन उत्पादकाच्या डब्ल्यूपीसी नावाच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणारं होतं, एवढं कळलं तरी पुढचं समजायला पुरे. माझा संबंध तांत्रिक सल्लागार म्हणून आला. करारांच्या वाटाघाटी मी बाजूला बसून पाहिल्या, त्यामुळे त्या भागात मतं जरा मोकळेपणाने दिली आहेत.

पार्श्वभूमी

जुनं पिनबॉल यंत्र पडद्यावर आणायचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात टेबलाचे नियम नव्याने लिहायचे: अमुक रॅम्प तीनदा मारला की तमुक मोड सुरू, आणि असंच पुढे. दुसऱ्यात मूळ यंत्राच्या चिपमधला प्रोग्राम, म्हणजे रॉम, जसाच्या तसा चालवायचा; यालाच इम्युलेशन म्हणतात. त्याच्याभोवती प्रोसेसर, साउंड बोर्ड, डिस्प्ले असं सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं आणि बॉल, फ्लिपर (बॉल मारणारे दांडे), बंपर (बॉल उसळवणारे खांब) यांचं भौतिकशास्त्र (फिजिक्स) वेगळं लिहून त्याला जोडायचं.

दुसऱ्या मार्गाची गंमत अशी की रॉमला टेबल दिसतच नाही. डब्ल्यूपीसीच्या रॉमला आठ बाय आठच्या जाळ्यातले स्विच दिसतात आणि तो आठ बाय आठच्या जाळ्यातले दिवे लावतो, कॉइल (फ्लिपर वगैरे हलवणारी विद्युतचुंबकं) उडवतो. खरा बॉल स्विचवरून गेला की फिजिक्सने आणलेला खोटा बॉल, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ठरावीक वेळी ठरावीक स्विच मिटला की तो पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वागायचा तसाच वागतो. नियमांमधल्या बारीकसारीक खोडी, आकडेमोडीतल्या चुका, लपवलेले विनोद, सगळं आपोआप येतं. जाणत्या खेळाडूंना नेमकं तेच हवं असतं.

स्टुडिओने दुसरा मार्ग निवडला, आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरच होता. घोटाळा झाला तो क्रमाचा.

हक्कांची या धंद्यातली अवस्था आधी सांगायला हवी. विल्यम्सने १९८८ मध्ये बॅली या दुसऱ्या उत्पादकाचा पिनबॉल विभाग घेतला आणि १९९९ मध्ये पिनबॉल बनवणंच बंद केलं. पुढे २०१३ मध्ये मूळ कंपनी डब्ल्यूएमएस ही सायंटिफिक गेम्सकडे गेली. म्हणजे यंत्र बनवणारे लोक, त्यांची कागदपत्रं आणि त्यांचे हक्क आज तीन वेगळ्या ठिकाणी असू शकतात. शिवाय हक्क कायमचे मिळत नाहीत. फारसाइट स्टुडिओजच्या ‘पिनबॉल आर्केड’ने २०१२ पासून विल्यम्स-बॅलीची टेबलं मोठ्या संख्येने डिजिटल केली होती. तो परवाना ३० जून २०१८ ला संपला आणि ती टेबलं विक्रीतून उतरली. ज्यांनी आधी विकत घेतली होती त्यांच्याकडे ती राहिली, नव्या गिऱ्हाइकाला दार बंद. त्याच वर्षी विल्यम्सचा परवाना झेन स्टुडिओजकडे गेला आणि त्यांनी तीच टेबलं आपल्या इंजिनात पुन्हा बांधायला घेतली. आमच्या स्टुडिओतल्या सगळ्यांना हा इतिहास तोंडपाठ होता. तरीही त्यातला एक धडा निसटला, तो पुढे येईल.

अडचण

कामाला सुरुवात इम्युलेटरपासून झाली. आयता पर्याय पिनमेम या हौशी पिनबॉल इम्युलेटरचा होता. पण पिनमेम हे मेम या आर्केड-गेम इम्युलेटरच्या जुन्या सांगाड्यावर उभं आहे, आणि मेमच्या अटी २०१६ पर्यंत व्यावसायिक वापराला मनाई करणाऱ्या होत्या. त्या वर्षी मेमने परवाना बदलला, पण त्याने आधीच्या काळात वेगळ्या झालेल्या प्रत्येक फाइलचा प्रश्न सुटत नाही. फाइल उघडून वर काय लिहिलंय ते वाचत बसावं लागतं. स्टुडिओने इम्युलेटरचा स्वतःचा गाभा लिहायचं ठरवलं. नियम कडक केला: ज्याने पिनमेमचा कोड वाचलेला आहे त्याने नव्या गाभ्याच्या कोडला हात लावायचा नाही, फक्त चाचण्या लिहायच्या. टीम लहान असल्यामुळे सगळ्यात अनुभवी माणूस यातून बाहेर पडला. हे महागात पडलं, पण निर्णय योग्य होता असं माझं मत आजही आहे.

प्रोसेसर सोपा होता. मोटोरोला ६८०९, दोन मेगाहर्ट्‌झ, कागदपत्रं भरपूर. साउंड बोर्डवरची अॅनालॉग डिव्हायसेसची एडीएसपी-२१०५ चिप जास्त वेळखाऊ निघाली. बोर्डवरच्या खास विल्यम्सच्या चिपचं वर्तन तर खरं यंत्र विकत घेऊन, त्यावर मोजमाप करूनच पक्कं करावं लागलं.

काही महिन्यांनी रॉम सुरू झाला, ठिपक्यांच्या डिस्प्लेवर अक्षरं उमटली, आणि नटाचा आवाज स्पीकरमधून आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी वकिलाने विचारलं, “हा आवाज कुणाच्या परवानगीने वाजतोय?”

उत्तर कुणाकडे नव्हतं. हातात उत्पादकाच्या वारसाशी, म्हणजे त्याचे हक्क आज ज्या कंपनीकडे आहेत तिच्याशी, झालेला करार होता. त्यात रॉम, टेबलाची मांडणी, चित्रकाम आणि बोधचिन्हं वापरायची मुभा होती. पण एका कलमात स्वच्छ लिहिलं होतं की त्रयस्थांचे हक्क, म्हणजे सिनेमा, कलाकार, संगीत, यांची हमी वारस देत नाही. ते ज्याचं त्याने मिळवावं. असं कलम अशा करारांत नेहमीच असतं. १९९०च्या दशकात उत्पादकाने सिनेमा कंपनीकडून जो हक्क घेतला होता तो नाण्यावर चालणाऱ्या पिनबॉल यंत्रापुरता होता. फोनवर किंवा कन्सोलवर तेच यंत्र आलं की करारांच्या भाषेत तो व्हिडिओ गेम ठरतो, आणि जुनी परवानगी तिथवर पोचत नाही.

म्हणजे तीन गोष्टी उघड्यावर होत्या. सिनेमाचं नाव आणि पात्रं. नटाचा आवाज आणि चेहरा. आणि मल्टिबॉलमध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक बॉल खेळात असताना, वाजणारं, सिनेमातूनच आलेलं एक गाणं.

नियम नव्याने लिहिले असते तर यातली नको ती गोष्ट वगळता आली असती. रॉम मात्र वेचून घेता येत नाही. आवाज, गाणं, चेहऱ्याची ठिपक्यांतली चित्रं, सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं. इम्युलेशन निवडलं त्याच दिवशी कोणकोणते परवाने लागणार हेही ठरून गेलं होतं, फक्त तशी नोंद कुणी केली नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

टेबल सोडून द्यायचं, हा पहिला. उत्पादकाच्या स्वतःच्या कल्पनेवरची यंत्रं भरपूर आहेत. ‘मिडीव्हल मॅडनेस’ किंवा ‘अटॅक फ्रॉम मार्स’साठी कुठल्याही सिनेमा कंपनीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. ‘पिनबॉल आर्केड’च्या पहिल्या चार टेबलांत ‘थिएटर ऑफ मॅजिक’, ‘ब्लॅक होल’ आणि ‘टेल्स ऑफ द अरेबियन नाइट्स’ होती, म्हणजे चारातली तीन सिनेमाच्या जोखडाबाहेरची. मी असतो तर याच पर्यायावर अधिक वेळ घालवला असता. पण स्टुडिओने यंत्र विकत घेऊन, सुटं करून, स्कॅन करून झालं होतं, आणि खर्च झालेल्या पैशाने बैठकीत सगळ्यात मोठ्याने बोलायचं काम केलं.

दुसरा, सगळ्यांना पैसे देऊन सगळे हक्क मिळवायचे. फारसाइटने २०१२ मध्ये ‘ट्वायलाइट झोन’साठी लोकवर्गणीच काढली होती, कारण परवान्यांचा खर्च एकट्या टेबलाच्या विक्रीतून निघणारा नव्हता. स्टुडिओने हा मार्ग अंशतः धरला, लोकवर्गणी टाळली. आधी पैसे घ्यायचे आणि मग एखादा हक्कधारक नाही म्हणाला तर तोंड दाखवायला जागा उरत नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटला.

तिसरा पर्याय एका तरुण प्रोग्रामरने मांडला: रॉम आपण द्यायचाच नाही, खेळाडूने स्वतः आणायचा. हौशी मंडळींच्या इम्युलेटरमध्ये हेच होतं. पण कन्सोलच्या आणि फोनच्या स्टोअरमध्ये अशी अर्धी वस्तू विकणं अवघड, आणि वारसाशी झालेल्या करारात ‘परवानाधारक प्रतच वापरावी’ असं बंधन होतं. आपल्याच करारावर पाय देऊन उभं राहायचं, असा तो प्रकार झाला असता.

चौथा, रॉममध्येच दुरुस्ती करायची. नको ते आवाज काढून टाकायचे, चेहऱ्यांच्या फ्रेम बदलायच्या. तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. डब्ल्यूपीसीचा रॉम सुरू होताना स्वतःचा चेकसम, म्हणजे आतल्या मजकुराची पडताळणीची बेरीज, तपासतो आणि ती जुळली नाही तर यू-६ या चिपचा चेकसम चुकल्याचं डिस्प्लेवर दाखवतो. तो चेकसम पुन्हा जुळवता येतो. अडचण कायद्याची होती. दुरुस्त केलेला रॉम ही नवी, मुळावरून काढलेली कृती ठरते, आणि तिच्यासाठी वारसाची वेगळी लेखी संमती लागते. विचारणा केली. नकार आला नाही, पण प्रत्येक बदल आम्हाला दाखवा, असं उत्तर आलं. मागे सिनेमा कंपनीचीही मंजुरीची रांग होतीच.

पाचवा पर्याय शेवटी निवडला गेला: रॉम अबाधित ठेवायचा आणि त्याच्या बाहेर, दोन बोर्डांच्या मधल्या तारेवर बसायचं.

काय केलं

खऱ्या यंत्रात मुख्य बोर्ड साउंड बोर्डला आवाज पाठवत नाही, आकडे पाठवतो. डीसीएस या विल्यम्सच्या साउंड पद्धतीच्या यंत्रांत प्रत्येक आज्ञा दोन बाइटची असते: अमुक क्रमांकाचं गाणं लाव, तमुक क्रमांकाचं वाक्य बोल. स्टुडिओने या जागी एक चाळणी बसवली. ठरावीक क्रमांक आला की तो साउंड बोर्डच्या इम्युलेशनपर्यंत पोचू द्यायचा नाही, त्याऐवजी आपलं रेकॉर्डिंग वाजवायचं. रॉमला पत्ता नाही, चेकसमला धक्का नाही. हौशी जगात ही युक्ती जुनीच आहे. तिथे ती आवाज सुधारण्यासाठी वापरतात, इथे वगळण्यासाठी वापरली.

ऐकायला सोपं, पण पहिल्याच आवृत्तीत एक विचित्र गोष्ट झाली. बदललेलं संगीत वाजत असताना पात्र बोललं की संगीत खाली येत नव्हतं, बोलणं त्यात बुडत होतं. मूळ यंत्रात बोलणं सुरू झालं की संगीत दबतं, पण ते दबवण्याचं काम साउंड बोर्डवरचा प्रोग्राम आतल्या आत करतो. मुख्य बोर्डाकडून त्यासाठी वेगळी आज्ञा येतच नाही. आपण संगीत बोर्डाबाहेर काढलं की ही आतली समजूत तुटते. आवाजाची पातळी बदलण्याची आज्ञाही त्याच तारेवरून येते. ती ओळखून आपल्या रेकॉर्डिंगला लावली नाही तर खेळाडूने आवाज कमी केला तरी नवं संगीत तसंच गरजत राहतं. शेवटी चाळणीला प्रत्येक क्रमांकाची माहिती द्यावी लागली: हे बोलणं आहे की संगीत, किती लांबीचं, वाजताना बाकीच्यांना किती दाबायचं.

लांबीचा प्रश्न तर आणखी चिवट. डिस्प्लेवरची चित्रं मुख्य बोर्ड चालवतो आणि त्यांचा वेळ मूळ वाक्याच्या लांबीला जुळवलेला असतो. बदली वाक्य जरा लांब झालं की पडद्यावर गुण मोजून होतात आणि पात्र अजून बोलतंच असतं.

आता आवाज कुणाचा घ्यायचा? नटाच्या प्रतिनिधींनी आवाजाला नकार दिला होता, आणि तो नकार बदलण्यासारखा नव्हता. हुबेहूब नक्कल करणारा कलाकार घ्यावा असं एकाने सुचवलं. वकिलाने तिथेच थांबवलं. १९८८ मध्ये बेट मिडलर विरुद्ध फोर्ड या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने नामवंत गायिकेच्या ओळखीच्या आवाजाची जाहिरातीसाठी मुद्दाम केलेली नक्कलही दाव्याला पात्र ठरवली होती, जरी गाण्याची परवानगी रीतसर घेतलेली असली तरी. त्यामुळे उलट निर्णय झाला: आवाज जाणूनबुजून वेगळा घ्यायचा, नटाऐवजी निवेदकाच्या ढंगाचा. वाक्यंही नव्याने लिहिली.

चेहऱ्याचं काय, यावर बरीच घासाघीस झाली. डिस्प्ले १२८ बाय ३२ ठिपक्यांचा. त्यातला चेहरा ओळखू येतो का? स्टुडिओचा चित्रकार म्हणत होता, नाही. वकील म्हणत होता, मुळात तो नटासारखा दिसावा म्हणूनच काढला होता ना! मध्यम मार्ग असा निघाला की चेहरा अख्खा डिस्प्ले व्यापतो त्या फ्रेम बदलायच्या, दूरवरची आकृती तशीच ठेवायची. इथेही रॉमला हात लावला नाही. डिस्प्लेवर जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमचा एक ठसा, म्हणजे तिच्या ठिपक्यांवरून काढलेला ओळखक्रमांक, काढायचा, यादीतला ठसा सापडला की त्या जागी नवं चित्र दाखवायचं. पण काही चेहऱ्यांवर गुणांचे आकडे चढवलेले असतात, म्हणजे प्रत्येक खेळात ठसा वेगळा. त्या फ्रेमसाठी आकड्यांची जागा झाकून मगच ठसा काढावा लागला. यातली एक फ्रेम चाचणीत निसटली आणि मंजुरीसाठी गेलेल्या आवृत्तीत क्षणभर मूळ चेहरा दिसला. सिनेमा कंपनीच्या माणसाने ते टिपलं. त्यानंतर प्रत्येक आवृत्तीचं पूर्ण चित्रीकरण मागायला त्यांनी सुरुवात केली आणि मंजुरीचा वेग मंदावला.

गाण्याची गोष्ट मात्र अनपेक्षित वळणाने सुटली. गाण्यात दोन हक्क असतात, रचनेचा आणि रेकॉर्डिंगचा. स्टुडिओ अनेक आठवडे रेकॉर्ड कंपनीच्या मागे होता आणि तिकडून आलेला आकडा परवडणारा नव्हता. मग साउंडचं काम करणाऱ्या मुलीने यंत्रातलं गाणं आणि सिनेमातलं गाणं लागोपाठ वाजवलं. वाद्यमेळ वेगळा, ठेका थोडा जलद, गायन नाहीच. यंत्रातली आवृत्ती उत्पादकाच्या संगीतकाराने स्वतः वाजवून रेकॉर्ड केली होती. वारसाकडे विचारल्यावर तसं लेखी उत्तर आलं. म्हणजे रेकॉर्डिंग वारसाच्या करारात आधीच मिळालेलं होतं. उरला फक्त रचनेचा हक्क, आणि संगीत प्रकाशकाने तो रास्त दरात दिला. दोन गाणी एकामागून एक ऐकायला काही मिनिटं लागतात. ती आधी ऐकली असती तर रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहायची वेळच आली नसती.

या सगळ्यात इम्युलेशनची मूळ कामं चालूच होती, आणि त्यातला एक निर्णय सांगण्यासारखा आहे. १९९२ पासूनच्या डब्ल्यूपीसी यंत्रांत फ्लिपरचं बटण थेट कॉइलला जोडलेलं नसतं. बटण प्रोसेसर वाचतो आणि कॉइल तोच उडवतो. खऱ्या यंत्रात हे इतक्या लवकर होतं की जाणवत नाही. इम्युलेटरमध्ये बटण ऑपरेटिंग सिस्टीमकडून येतं, रॉमची पाळी येईपर्यंत थांबतं, कॉइलची आज्ञा पुढच्या फिजिक्सच्या टप्प्यापर्यंत थांबते, आणि चित्र पडद्यावर जायला आणखी वेळ. तरबेज खेळाडू वर गेलेल्या फ्लिपरवर बॉल झेलून अलगद थांबवतो, त्याला काही मिलिसेकंदांचा उशीरही खुपतो.

सोपा उपाय म्हणजे रॉमला वळसा घालणे: बटण दाबलं की फिजिक्सने थेट फ्लिपर उचलायचा. पण मग रॉम स्वतःहून फ्लिपर हलवतो तिथे पंचाईत होते. ‘अॅडम्स फॅमिली’मध्ये यंत्र स्वतः फ्लिपर मारून बॉल नेमक्या भोकात पाठवायचा प्रयत्न करतं, तसलं काही या टेबलातही होतं. शिवाय टिल्ट झाल्यावर, म्हणजे खेळाडूने यंत्र जास्त हलवल्यावर, फ्लिपर मरायला हवेत. स्टुडिओने वळसा टाळला आणि रॉम व फिजिक्स यांना एका लयीत बांधलं: फिजिक्स एक मिलिसेकंद पुढे जातं, की प्रोसेसरची दोन हजार चक्रं चालतात, पुन्हा फिजिक्स. दोन्हीपैकी कुणी पुढे पळत नाही. बॉल वेगाने रोलओव्हरवरून (बॉल वरून गेला की मिटणाऱ्या स्विचवरून) गेला तरी तो स्विच रॉमच्या नजरेतून सुटत नाही, हा जोडफायदा. स्वतःचा गाभा लिहिण्याचा खर्च इथे वसूल झाला.

दिव्यांचं तेवढं थोडक्यात. दिव्यांचं जाळं एका वेळी एकच रांग पेटवतं, म्हणजे प्रत्येक दिवा जास्तीत जास्त एक अष्टमांश वेळच चालू असतो. बल्बची तार सावकाश थंड होते म्हणून डोळ्याला तो अखंड दिसतो. तारेचं हे थंड होणं गणितात धरलं नाही तर दिवे झगमगतात.

फोनवर वेगळीच अडचण उभी राहिली. खेळाडू फोन घ्यायला ॲपबाहेर गेला आणि सिस्टीमने ॲप मारून टाकलं. परत आल्यावर रॉमची मेमरी जतन केलेली होती, बॉल कुठे आहे हे मात्र नव्हतं. रॉमच्या मते एक बॉल खेळात, पण कुठलाच स्विच मिटत नाही. मग तो बॉल शोधायला लागला: टेबलावरच्या कॉइल एकामागून एक ताडताड उडवायच्या. खऱ्या यंत्रात अडकलेला बॉल सोडवायची ही सोय, इथे खेळाडूला वाटलं ॲप वेडं झालं. फिजिक्स आणि रॉम यांची स्थिती एकाच क्षणी, एकाच फाइलमध्ये जतन करायला लागल्यावर ते थांबलं.

परिणाम

टेबल बाजारात आलं, ठरवल्यापेक्षा बरंच उशिरा. खेळाची जाण असलेल्यांनी फ्लिपरची आणि नियमांची तारीफ केली. गाणं टिकल्यामुळे मल्टिबॉलची रंगत टिकली. नटाचा आवाज नाही यावरून नाराजी झाली, आणि ती रास्त होती. त्या यंत्राचं अर्धं व्यक्तिमत्त्व त्या आवाजात होतं. स्टुडिओने विक्रीच्या पानावरच, विकत घ्यायच्या बटणाच्या वर, आवाज व काही चित्रं बदललेली आहेत असं लिहिलं. त्यामुळे फसवल्याची भावना कमी राहिली. मार्केटिंगच्या लोकांना ती ओळ खाली हवी होती. ती वर राहिली हे बरं झालं.

आता २०१८ चा निसटलेला धडा. तीन परवाने तीन वेगळ्या मुदतींचे निघाले. वारसाचा सर्वांत लांब, सिनेमा कंपनीचा मधला, संगीत प्रकाशकाचा सर्वांत आखूड. म्हणजे पहिला जो संपेल तो अख्खं टेबल विक्रीतून उतरवू शकतो, बाकीच्यांचे पैसे भरलेले असले तरी. इथे ती चाळणी अचानक दुसऱ्या कामाला आली. गाण्याचा परवाना संपला आणि नूतनीकरण जमलं नाही, तर त्या आज्ञेच्या जागी तयार ठेवलेलं पर्यायी संगीत लावून टेबल विकत राहता येईल. ते संगीत आधीच रेकॉर्ड करून, मंजूर करून ठेवलं. सिनेमाच्या नावासाठी अशी सोय नाही. ते गेलं की टेबल गेलं.

ज्यांनी टेबल विकत घेतलंय त्यांना मुदतीनंतरही ते पुन्हा डाउनलोड करता यावं, हे कलम तिन्ही करारांत मिळालं. संगीत प्रकाशक यासाठी सगळ्यात उशिरा तयार झाला. नव्या फोनसाठी, नव्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी दुरुस्ती पाठवायची मुभा मात्र मुदतीपुरतीच आहे. म्हणजे टेबल खेळाडूकडे राहील, पण काही वर्षांनी ते चालेल का, हे कराराने बांधलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

डब्ल्यूपीसी यंत्राच्या चाचणीच्या मेनूतच आवाजांची चाचणी आहे. एकेक वाजवत जायचं आणि लिहायचं: क्रमांक, लांबी, बोलणं की संगीत की नुसता धडाका, बोलणं असेल तर आवाज कुणाचा, संगीत असेल तर रचना कुणाची आणि वाजवलं कुणी. डिस्प्लेवरच्या चित्रांचीही तशीच नोंद. यासाठी इम्युलेटर लागत नाही, विकत घेतलेलं यंत्र आणि एक वही पुरते. ही यादी वारसाशी करार करायच्या आधी हातात असती तर ‘त्रयस्थांचे हक्क’ हे कलम मोघम राहिलं नसतं. गाण्याचं रेकॉर्डिंग कुणाचं, नटाशी मूळ करार काय होता, याची कागदपत्रं देण्याचं बंधन त्यातच घालता आलं असतं. सही झाल्यावर तीच कागदपत्रं मागणं म्हणजे समोरच्याच्या चांगुलपणावर राहणं.

नटाच्या प्रतिनिधींकडे जाण्याचा क्रमही उलटा झाला. स्टुडिओ आधी सिनेमा कंपनीकडे गेला, तिथे मंजुरीची पद्धत ठरवली, चित्रकामाचे पैसे खर्च केले, आणि मग नटाला विचारलं. जिथून नकार येण्याची शक्यता सर्वाधिक, तिथे आधी जायला हवं होतं. तो नकार पहिल्या महिन्यात आला असता तर टेबल सोडायचा पर्याय खरोखर उघडा असता. स्कॅनिंग व्हायच्या आधी ती बैठक फार वेगळी झाली असती.

चाळणीबद्दल माझा आणि त्यांच्या मुख्य प्रोग्रामरचा मतभेद अजून मिटलेला नाही. त्याचं म्हणणं, पुढच्या टेबलांना ती पहिल्या दिवसापासून हवी, परवाने असोत वा नसोत. माझं म्हणणं, ती हाताशी आहे म्हटल्यावर कुणी हक्कांसाठी जोर लावणार नाही, ‘बदलून टाकू’ हेच पहिलं उत्तर होईल, आणि मग रॉम अबाधित ठेवल्याचा अर्थ काय राहिला? पुढच्या टेबलाच्या यादीत बदलाव्या लागतील अशा वाक्यांची संख्या पाहिल्यावर स्टुडिओने ते टेबल घेतलं नाही, उत्पादकाच्या स्वतःच्या कल्पनेवरचं दुसरं घेतलं. चाळणी त्यातही बसवली आहे, रिकामी.